श्रावण, जिवती आणि दुसरी आई : पद्धती, हसणं आणि व्यवहार

गोदाकाठ
दिव्याची अवस तोंडावर आली. आठवड्याच्या बाजारात जिवतीचे कागद दिसायला लागले. ज्या घरात आई दुसरी आहे किंवा बाप दुसरा आहे, तिथं श्रावण-भाद्रपदातल्या सणांना नेमकं काय करायचं हे विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, 'करा की नेहमीसारखं'. पण नेहमीसारखं म्हणजे कुणासारखं? लेकराला पहिल्या आईच्या हातचं आठवत असतं. नव्या बाईला तिच्या माहेरचं येत असतं. सासूचं तिसरंच असतं.

म्हणून हा धागा. ज्यांना पद्धती माहीत आहेत, जे शाळेत, अंगणवाडीत, कोर्टात अशी घरं जवळून बघतात, त्यांनी साहित्य-कृतीसकट लिहावं. काय चुकतं आणि का चुकतं तेही लिहा. हसण्याबद्दल तर नक्कीच लिहा. सावत्र नात्यात थट्टा कुठं जमते आणि कुठं बोचते, हे कुणी सांगत नाही. घरगुती भांडणांसाठी दुसरे धागे आहेत, ती इथं नकोत.

आघाडा_दूर्वा
जिवतीपासून सुरू करते, कारण या सगळ्या विषयाचं मूळ तिथंच आहे.

जिवतीच्या कागदावर चार चित्रं असतात: नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती. त्यातली जरा कोण? मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं. दोन्ही तुकडे बाहेर टाकून दिले. जरा नावाच्या राक्षसिणीने ते उचलून एकमेकांना लावले, तेव्हा लेकरू सांधलं आणि रडायला लागलं. तिने ते राजाला नेऊन दिलं. जरेने सांधला म्हणून तो जरासंध. म्हणजे श्रावणात लेकरांच्या आयुष्यासाठी आपण जिची पूजा करतो तिने त्या लेकराला जन्म दिलेला नव्हता. दुसऱ्या आईला 'तुझा काय संबंध जिवतीशी' असं कुणी म्हणालं तर ही कथा सांगावी. भांडू नये, नुसती कथा सांगावी.

आता कृती. कागद अवसेला किंवा श्रावणाच्या पहिल्या दिवशी देवघराजवळच्या भिंतीला लावतात. डिंकापेक्षा चिकटपट्टी बरी, पिठोरीनंतर (श्रावणातल्या अवसेनंतर) काढताना भिंतीचा रंग निघत नाही. दर शुक्रवारी गंध, हळदकुंकू, आघाड्याच्या पानांची माळ, दूर्वा आणि कापसाचं २१ मण्यांचं वस्त्र वाहायचं. साखर घातलेलं दूध आणि गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य. संध्याकाळी पुरणाच्या दिव्यांनी लेकरांचं औक्षण.

चुकतं ते इथं. पहिल्याच शुक्रवारी बारा वर्षांच्या पोराला चारचौघांत पाटावर बसवतात, शेजारणी बघायला येतात आणि पोरगं मान खाली घालून उठून जातं. मग म्हणायचं, पोरगं ऐकत नाही. अहो, त्याला पाटावर बसवायची घाईच कशाला? आधी कागद त्याच्याकडून लावून घ्या. आघाडा कुठं उगवतो ते बहुतेक लेकरांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, त्यांच्याकडून आणवा. पहिले एक-दोन शुक्रवार फक्त देवीला ओवाळा. लेकरू जवळपास असेल तर हातावर फुटाणे ठेवा, बास. तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी ते आपणच येऊन बसतं. नाही बसलं तरी काही अडत नाही. परगावच्या लेकरांसाठी चार दिशांना ओवाळून अक्षता टाकायची जुनी पद्धत आहेच. घटस्फोटानंतर लेकरू दुसऱ्या घरी राहत असेल किंवा आश्रमशाळेत असेल, तर ही पद्धत जशीच्या तशी चालते.

लातूरची_चूल
पुरणाच्या दिव्यांचं मी लिहिते. दिवा मधेच बसला की लेकरं हसतात, हसू द्यावं. पण दरवेळी बसत असेल तर पुरण चुकलंय.

एक वाटी हरभऱ्याची डाळ, एक वाटी चिरलेला गूळ. डाळ दोन तास भिजवून कुकरला चार-पाच शिट्ट्या. कट पूर्ण निथळू द्यायचा, आमटीला लागतोच. गूळ घातल्यावर पुरण पहिल्यांदा पातळ होतं आणि मग आळत जातं. उलथनं मधोमध उभं राहिलं की गॅस बंद. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा आणि दिव्यासाठी लागणारं पुरण पूर्ण गार होऊ द्या. गरम पुरणाचा दिवा केला की कडा ढासळतात.

लिंबाएवढा गोळा, हाताला तूप, अंगठ्याने खळगा. कड अर्ध्या बोटाएवढी जाड ठेवा. पातळ तूप ओतू नका, ते झिरपतं आणि गूळ सुटतो. फुलवात आधी थिजलेल्या तुपात घोळून तीच ठेवायची. पंखा बंद. असा दिवा औक्षण होईपर्यंत आरामात टिकतो. वाटीभर डाळीत दहा-बारा दिवे होतात.

हे काम लेकराच्या हातात द्यायला फार चांगलं आहे. त्याचा दिवा वाकडा होतो, वाकडाच ताटात ठेवायचा. 'याचं नाव काय ठेवायचं?' असं विचारा. कुणी त्याला पिसाचा मनोरा म्हणेल, कुणी गल्लीतल्या पाण्याच्या टाकीचं नाव देईल. लेकराने काढलेला विनोद घरात टिकतो. मोठ्याने ठरवून केलेला विनोद सावत्र घरात बहुतेक वेळा परीक्षेसारखा वाटतो, कारण लेकरू हसलं तर कुणाच्या बाजूने हसलं याचा हिशोब लगेच सुरू होतो.

बालाघाट_मास्तर
वरच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. वर्गात हे रोज दिसतं.

थट्टेचे तीन विषय पूर्ण वर्ज्य ठेवा: लेकराचं दिसणं ('अगदी आईवर गेलाय' हे हसत म्हणालात तरीसुद्धा), पहिल्या आईचा स्वयंपाक आणि आजोळ. नातेवाईक या तिन्हींवरच सगळ्यात जास्त बोलतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवायचं काम बापाचं आहे.

जमतात ते म्हणजे शब्दांचे खेळ. हुमाणं घाला, म्हणजे कोडी. खेड्यात आज्यांकडे भरपूर असतात. नसतील तर घरात बनवा, 'हिरव्या लुगड्याची म्हातारी, दात मात्र मोत्याचे' (मक्याचं कणीस). उखाणे तर फारच उपयोगी. वस्तूंना उखाणे घ्यायला लावा. 'चुलीवर तवा, तव्यावर भाकरी, पप्पा म्हणतात आज नको मला चाकरी.' यात कुणाला आई म्हणायचं, कुणाला मावशी, हा प्रश्नच येत नाही. यमक जुळवायचं आणि हसायचं. दोन घरची लेकरं एका घरात आली असतील तर सगळ्यांना एका बाजूला घ्या आणि मोठ्यांना दुसऱ्या. लेकरांचा एक गट पडला की 'तुझी आई, माझी आई' मागे पडतं. लेकरांची आपापसांत स्पर्धा मात्र लावू नका. सहा महिन्यांच्या आत तरी अजिबात नको.

पैठणकर_ताई
'आई म्हण' हा हट्ट कुणी धरू नये, एवढंच माझं म्हणणं. मावशी, काकू, ताई, नावापुढे आई, जे तोंडात बसेल ते. आपल्याकडे सख्ख्या आईला बाई किंवा वहिनी म्हणणारी घरं भरपूर होती, तिथं माया काही कमी नव्हती.

कीर्तनवेडा
श्रावणात गावोगाव सप्ते असतात आणि त्यात ध्रुवाचं आख्यान हमखास लागतं. सुरुचीने ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही, हा प्रसंग सावत्र आई शेजारी बसलेली असताना लेकराने ऐकला की दोघांचीही पंचाईत होते. या दिवशी सप्त्याला जाऊच नये का?

नरसीची_वाट
जावं. पण घरी येताना आख्यानावर बोलावं, आणि ते बापाने बोलावं.

ध्रुवाच्या कथेत सगळे सुरुचीला नावं ठेवतात. राजा उत्तानपाद काय करत होता? तो तिथंच होता. मांडी त्याचीच होती. त्याने तोंड उघडलं नाही. पोर रानात गेलं ते सुरुचीच्या बोलण्याने जितकं, तितकंच बापाच्या गप्प बसण्याने. सावत्र घरातली निम्म्याहून जास्त दुखणी या गप्प बसण्यातून येतात. नवी बायको शिस्त लावते, पोरगं रुसतं आणि बाप मोबाईल बघत बसतो. पहिलं वर्षभर तरी अभ्यास, मोबाईल, यायच्या-जायच्या वेळा यांचे नियम बापाने सांगायचे आणि मोडले तर बापानेच बोलायचं. आईने जेवण, दुखणंखुपणं, केस विंचरणं, डबा यातून जवळ जायचं. बाप सावत्र असेल तर हेच उलट, नियम आईने सांगायचे.

आणि दुसरी बाजू सांगायला मराठवाड्याला लांब जावं लागत नाही. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पोरकी झाली आणि दामाशेटी-गोणाईच्या घरात, नामदेवांच्या घरात वाढली. स्वतःला ती आयुष्यभर नामयाची दासी म्हणवत राहिली आणि विठ्ठलाशी हक्काने भांडलीही. परक्या घरात वाढलेल्या लेकरालाही देवावर रागवायचा हक्क आहे, हे जनाबाईकडून शिकावं. लेकरू म्हणालं, 'देवाने माझी आई नेली, मी पाया पडणार नाही', तर त्याला धाक दाखवू नका. 'बरं, आज नको पडू' म्हणा आणि प्रसाद द्या. प्रसाद मात्र चुकवू नका.

वंदना_सदन
आमच्या बौद्ध घरांमध्ये जिवती नसते, पण प्रश्न तेच असतात म्हणून लिहितो. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया गेली आणि तिची बहीण महाप्रजापती गौतमी हिने त्याला वाढवलं. तीही शुद्धोदनाचीच राणी. पुढे भिक्खुणी संघाची सुरुवात तिच्यापासून झाली. गौतम हे नाव ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे, पण त्याला वाढवणारी गौतमी लेकरांना कुणी फारशी सांगत नाही. वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी वाचन असतं. त्यातले एक-दोन दिवस तिच्यासाठी ठेवा. त्रिसरण-पंचशील म्हणताना लेकराला पुढे बसवून 'तू सुरू कर' म्हणा. मधेच चुकलं तर दुरुस्त करू नका, मोठ्यांनी पुढची ओळ मोठ्याने म्हणावी, ते आपोआप जुळतं.

आघाडा_दूर्वा
पिठोरीबद्दल राहिलं होतं. श्रावणातली अवस, आपल्याकडे पोळा त्याच दिवशी. संध्याकाळी आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरते, मागे न बघता विचारते, 'अतीत कोण?' (अतीत म्हणजे अतिथी). मागे उभं असलेलं लेकरू 'मी' म्हणतं आणि वाण घेतं.

यात फार सोय आहे ती बघा. आईचं तोंड पलीकडे असतं. लेकराला डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आई म्हणावं लागत नाही, फक्त 'मी' म्हणायचं आहे. नवीन घरात हा विधी औक्षणापेक्षा सोपा जातो. लेकरं यात मस्करीही करतात. 'अतीत कोण?' म्हटलं की मागून म्याऊ असा आवाज येतो किंवा 'पोस्टमन' असं ओरडतात. रागावू नका. 'मांजराला पुरी नाही, परत विचारते' म्हणून पुन्हा विचारा. तीन-चार वेळा हे झालं तरी व्रत मोडत नाही.

तीन सूचना. वाणाची संख्या लेकरांइतकी ठेवा, सख्खं-सावत्र न बघता. खीर दाट करा, पातळ खीर डोक्यावरून पाठीवर सांडते. आणि क्रम वयाने लावा, धाकटं आधी. सख्ख्याला आधी बोलावलं तर पुढचं सगळं फुकट.

औंढ्याची_माहेरवाशीण
पितृपक्षातली अविधवा नवमी कुणी लिहिली नाही. भाद्रपद वद्य नवमीला सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात. पहिली बायको वारलेली असेल तर बहुतेक घरांत हा स्वयंपाक दुसरीच करते. लोक याला सवतीचं करणं म्हणून नाक मुरडतात. मला तर वर्षभरातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच वाटतो, कारण या दिवशी गेलेल्या आईचं नाव घरात उघडपणे घेता येतं.

काय करायचं: सवाष्ण शक्यतो लेकराच्या आजोळची बोलवा, मावशी किंवा मामी. ताटात नेहमीचे पदार्थ आणि एक पदार्थ तिच्या आवडीचा. तो कोणता ते लेकराला विचारा. बिस्किटं म्हणालं तर बिस्किटं ठेवा. ओटीचा नारळ आणि बांगड्या लेकराच्या हातून द्या. फोटो असेल तर हार त्यालाच घालू द्या. जेवणं झाल्यावर मावशीने तिच्या लहानपणीच्या गमती सांगाव्यात, झाडावरून पडली, शाळेतून पळाली अशा. फक्त रडायचाच दिवस केला तर लेकरू पुढच्या वर्षी टाळतं. गेलेल्या माणसाच्या गमतीवर हसलं की ते माणूस लेकराला परत आपलं वाटतं.

तिच्या साड्यांचं जपून. महालक्ष्म्यांना (गौरींना) नेसवायला पेटीतून साडी काढली आणि पोरीला विचारलं नाही, असं होता कामा नये. विचारलं तर बहुतेक पोरी स्वतःच निवडून देतात.

लातूरची_चूल
डब्याचंही बोलूया, कारण सण वर्षातून थोडे आणि डबा रोजचा. 'आई असं करत नव्हती' हे वाक्य सगळ्यात जास्त डब्यावरून येतं. चवीतला फरक बहुतेक वेळा तीनच ठिकाणी असतो: काळा मसाला किंवा येसर (आमटीत घालायचं भाजलेलं मसालेदार पीठ) कुणाच्या घरचं, शेंगदाण्याचं कूट जाड की बारीक, आणि गूळ पडतो की नाही. आजोळी फोन करून एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. येसर तर मागूनच आणा.

सुशीला (मुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) करून बघा, यात लेकराला हात घालता येतो. चार वाट्या मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे. भिजत ठेवले की लगदा होतो, सगळ्यांचं इथंच बिघडतं. कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, हळद यांची फोडणी, त्यात मुरमुरे, वरून दोन-तीन चमचे डाळ्याची पूड, मीठ, कोथिंबीर. दोन मिनिटं वाफ. 'मीठ तू घाल, तुझ्या आईचं किती असायचं ते तुला माहिताय' असं म्हणून वाटी त्याच्या हातात द्या. खारट झालं तर तेच खा, तोंड वाकडं न करता. पुढच्या वेळी ते स्वतः कमी घालतं.

प्रश्नच_प्रश्न
शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं? दुसऱ्या आईचं लिहिलं तर लेकराला बरं वाटेल असं वाटतं.

बालाघाट_मास्तर
नका लिहू. जन्मदाखल्यावर जे आईचं नाव आहे तेच शाळेच्या जनरल रजिस्टरला आणि आधारला ठेवा. तफावत झाली की दहावीचा फॉर्म भरताना धावपळ होते, रजिस्टरमधली दुरुस्ती सोपी नसते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, असा क्रम आहे, तेव्हा हे नाव आणखीच ठळक दिसणार. दुसऱ्या आईचं नाव संपर्क आणि लेकरू न्यायला येणारी व्यक्ती म्हणून द्या, मोबाईल नंबरसकट. वर्गशिक्षकांना जूनमध्येच भेटून दोन वाक्यांत सांगा. म्हणजे 'माझी आई' या निबंधाच्या दिवशी त्यांना भान राहतं. आम्ही अशा वेळी विषय 'माझ्या घरातलं माणूस' असा करतो.

कोर्टाची_पायरी
कायद्याचं थोडक्यात. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार सावत्र आई किंवा सावत्र बाप हे नैसर्गिक पालक नाहीत. नवरा गेला तर दुसऱ्या आईला लेकराच्या पालकत्वासाठी कोर्टात अर्ज करावा लागतो. म्हणून नवऱ्याने हयातीतच मृत्युपत्रात पालक म्हणून तिचं नाव लिहून ठेवावं. दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. पहिली आई हयात असेल, म्हणजे घटस्फोट झालेला असेल, तर तिचा हक्क आधी येतो, हे विसरू नका.

उलट बाजूने, म्हातारपणी पोसायच्या जबाबदारीत सावत्र आईबाप मोजले जातात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांच्या व्याख्येत सावत्र आई आणि सावत्र वडील स्पष्ट लिहिले आहेत. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यात निपुत्रिक सावत्र आईचाही उल्लेख आहे.

मालमत्तेत मात्र गंमत करू नका. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर सावत्र लेकरं तिची मुलं म्हणून वारस होत नाहीत, नवऱ्याचे वारस म्हणून मागच्या रांगेत येतात. तिच्या नावावरचं घर किंवा सोनं त्यांना द्यायचं असेल तर लिहून ठेवावं लागतं.

पैठणकर_ताई
एक गोष्ट जोडते. लेकरू आठवडेच्या आठवडे जेवत नाही, मोठं असूनही अंथरूण ओलं करतं, किंवा 'मला आईकडे जायचंय' असं म्हणताना मरायचं बोलतं, तर त्याला अंगारा आणि नवस एवढ्यावर थांबू नका. १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी फोन आहे, मराठीत बोलतात. घरात कुणी मारत असेल तर १०९८. नवस करा, तुळजापूरलाही जा, पण फोन आधी.

प्रश्नच_प्रश्न
मास्तर, वकील, दोघांचेही आभार. आता शेवटचं : घरात तीन लेकरं, दोन एकीकडची, एक दुसरीकडचं. औक्षणाला तीन ताटं करायची का? आणि पुरणाचे पाच दिवे तिघांत वाटायचे कसे?

लातूरची_चूल
ताट एकच. तिघांना एका रांगेत बसवून एकाच ताटाने ओवाळायचं. ओवाळायला दिवे पाच, पण जास्तीचे चार खळगे वात न लावता डब्यात करून ठेवा. ओवाळून झालं, वाती काढल्या, की प्रत्येकाला तीन. जळका भाग चमच्याने खरवडून टाका, कडू लागतो.